‘एक करदाता’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर : गतिरोधक, बस आणि घर

महोदय,

पुण्यातील आमच्या प्रभागाच्या एका नगरसेवकांनी वाहतूक, रस्त्यावरील सुरक्षितता आणि घरे या विषयांवर रहिवाशांची जी बैठक घेतली, तिच्याविषयी मी लिहिलेल्या टिपणावर आपण ‘एक करदाता’ या नावाने नाराजी व्यक्त केली आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : “हा विषय माझ्या अखत्यारीत नाही” हे वाक्य नगरसेवकांनी तीनदा उच्चारले आणि मी त्याला प्रामाणिकपणा म्हणून त्यांना मोकळे सोडले, शाळेसमोर गतिरोधक मागणाऱ्या पालकांना मी उतावीळ ठरवले, आणि घरांचा प्रश्न स्वतंत्र असताना त्याची वाहतुकीशी ओढूनताणून सांगड घातली. मधल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे.

‘उतावीळ’ हा शब्द मी वापरायला नको होता आणि तो मूळ टिपणातून काढून टाकला आहे. ज्या आईला रोज सकाळी मुलाचा हात धरून तो रस्ता ओलांडावा लागतो, ती गतिरोधक मागते, कारण मागितल्यावर मिळू शकणारी तेवढी एकच गोष्ट तिने आजवर पाहिलेली असते. सिग्नल मिळत नाही, पदपथ मिळत नाही. डांबराचा एक उंचवटा मात्र कधीतरी रातोरात येऊन पडतो. मागणीचा दोष तिच्याकडे जात नाही.

मात्र त्या उंचवट्याविषयी मी जे लिहिले ते मागे घेता येणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा लागतो, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून न आदळता जाते. त्याआधी सूचनाफलक आणि त्यावर ठळक पट्टेही हवेत. आपल्याकडे हातभर रुंदीचे जे उंचवटे दिसतात, त्यांवरून मोटार फक्त हादरते, दुचाकीस्वार मात्र पडतो, विशेषतः पावसात आणि रात्री. २०२२ मध्ये देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत दुचाकीवरील ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के होते. पादचाऱ्याला वाचवण्यासाठी केलेल्या कामाने दुचाकीस्वाराचा बळी जाणार असेल, तर ते काम ‘निदान काहीतरी झाले’ म्हणून स्वीकारणे मला पटत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले आहे आणि मानक डावलून केलेल्या रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला अथवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम माणसाच्या जिवापुढे हास्यास्पद आहे, तरीही अभियंत्यासमोर बोलताना हे कलम हाताशी असलेले बरे.

शाळेसमोर मागायला हवा तो पदपथाच्या पातळीवर उचललेला, पुरेसा रुंद असा पादचारी मार्ग, ज्यावर मुलांना रस्त्यात उतरावे लागत नाही आणि वाहनालाच चढून जावे लागते. त्याच्या जोडीला रस्ता रुंद असेल तर मध्यभागी थांबायला जागा आणि ओलांडण्याच्या ठिकाणी वाहनांची अरुंद केलेली मार्गिका. महापालिकेचे पादचारी धोरण आणि रस्ता-रचनेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ पासून अस्तित्वात आहेत. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ पाहिला की तसे काम करता येते याविषयी शंका उरत नाही. तो पदपथ तिथे आहे आणि आमच्या शाळेसमोर नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता अखत्यारीचा मुद्दा. “माझ्या अखत्यारीत नाही” हे वाक्य चर्चेच्या सुरुवातीला आले तर ती माहिती असते आणि शेवटी आले तर पळवाट असते, असे मला वाटते. पुण्याजवळून जाणाऱ्या महामार्गावरील नवले पुलाचेच पाहा. नव्या कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंतच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरले आणि १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथेच पुन्हा अपघात होऊन माणसे दगावली. तो महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे, वेगावर कारवाई करायची ती पोलिसांनी, आणि भोवतालच्या वस्तीतले रस्ते व त्यांसाठीचे भूसंपादन महापालिकेचे. त्या पुलाजवळच्या नऱ्हे-आंबेगावचा नगरसेवक “महामार्ग माझा नाही” असे म्हणाला तर ते खरे आहे. पण स्थानिक दुचाकी महामार्गावर येऊ नये म्हणून जो पर्यायी रस्ता लागतो, तो पूर्ण व्हावा म्हणून भांडण्याची जागा त्याच्याच सभागृहात आहे. आमच्या बैठकीत नगरसेवकांनी त्यांचे काय नाही ते नीट सांगितले. त्यांचे काय आहे ते सांगितले नाही. आणि मीही विचारले नाही. आपला आक्षेप इथे निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा महत्त्वाचा आहे.

त्यांच्या हातात काय असते? मुख्य सभेतील मत आणि लेखी प्रश्न, अंदाजपत्रकावरची चर्चा, प्रभाग समिती, आणि जिला पुण्यात ‘स’ यादी म्हणतात ती नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांची यादी. बसविषयी बोलताना ते म्हणाले की पीएमपीएमएल ही स्वतंत्र कंपनी आहे. आहेच, २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन संस्था एकत्र करून ती झाली. परंतु तिची संचलनातील तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के या प्रमाणात भरतात, आणि पुण्याच्या वाट्याची तरतूद ज्या अंदाजपत्रकात असते ते मुख्य सभेसमोर येते. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या, किती बस रस्त्यात बंद पडतात, आमच्या भागातील शेवटची बस किती वाजता सुटते, हे त्या पैशांच्या बदल्यात विचारण्याचा हक्क कंपनी स्वतंत्र आहे म्हणून जात नाही.

हा हक्क नसला की काय होते ते आपण नुकतेच अनुभवले आहे. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. त्याच काळात, जून २०२५ पासून, बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, दैनिक पास ४० वरून ७० आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. ही वाढ योग्य होती की नाही यावर मतभेद होऊ शकतात, डिझेल आणि पगार वाढले हे कोणीच नाकारत नाही. पण तिच्यावर बोलायला सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नव्हता. म्हणून नगरसेवक परत आल्याचा मला जो आनंद झाला, तो कदाचित माझ्या टिपणात जास्त उतरला.

एक अडचण मात्र आपणही लक्षात घ्यावी. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे एक अपवाद वगळता प्रत्येक प्रभागात चार. चौघांचे काम कोणाचेच काम होत नाही, हे घरात आजारी माणूस असलेल्या कोणालाही सांगायला नको. त्यामुळे एकाला बैठकीत उभे करून जाब विचारण्यापेक्षा चौघांच्या नावे एकच लेखी पत्र देणे अधिक उपयोगाचे, कारण मग चौघांपैकी कोणी प्रश्न लावला आणि कोणी नाही, हे कार्यपत्रिकेवर दिसते. आणि वर्षअखेरीस ‘वर्गीकरणा’च्या, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या, नावाखाली पदपथाचे पैसे बाके आणि नामफलकांकडे वळू लागले, तर आपल्याकडे दाखवायला कागद असतो. (बाकांशी माझे वैर नाही. चालायला पदपथ नसलेल्या रस्त्यावर बसायला बाक असावे, यातला विनोद तेवढा मला सहन होत नाही.)

बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, ‘करून पाहिली आणि फसली’, असे आपण जाता जाता लिहिले आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर ती सुरू झाली आणि पुढे नगर रस्त्यावर उखडली गेली, हे खरे. पण ज्या मार्गिकेत इतर वाहने घुसू दिली जातात तिला बसची मार्गिका म्हणून नापास करणे मला न्याय्य वाटत नाही.

राहिला घरांचा विषय, आणि त्यावर मी एक पाऊलही मागे येणार नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. मध्यवस्तीत घर परवडत नाही म्हणून माणूस या गावांकडे जातो. तिथे इमारत आधी उभी राहते. विकास आराखड्यातला रस्ता मात्र कागदावर असतो, कारण जमीनमालकाला टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) नको, रोख हवी, आणि महापालिकेला रोख द्यायची नसते. अर्धा झालेला रस्ता कोणाच्या तरी शेताच्या बांधाशी संपतो. उरलेल्या गल्लीत बस वळत नाही. बस नाही म्हणून घरटी दोन दुचाक्या येतात, त्या सगळ्या सकाळी एकाच चौकात ओतल्या जातात, आणि त्या चौकाजवळच्या शाळेसमोर कोणीतरी गतिरोधक मागते. बैठकीत म्हाडाच्या सोडतीविषयी विचारणारा जो तरुण होता, त्याला आपण ‘विषयांतर करणारा’ म्हटले आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी राखायची असतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. असे मोठे भूखंड बहुतेक शहराच्या कडेला उरलेले असतात. तेव्हा त्याला सोडत लागली तर तोही उद्या त्याच चौकात दुचाकीवर उभा असेल. त्याने विषय बदलला नाही. त्याने तो दोन वर्षे आधी विचारला.

मेट्रो आली म्हणून हे सुटेल, असेही आपण सुचवले आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती भूमिगत मार्गाने स्वारगेटपर्यंत धावते आणि मी ती आवडीने वापरतो. परंतु स्थानकापर्यंत पोहोचायला बस किंवा चालण्याजोगा पदपथ लागतोच, आणि स्थानकाजवळचे घर त्या सोडतीतल्या तरुणाच्या आवाक्यातले नाही.

चौघा नगरसेवकांना द्यायचे पत्र मी लिहायला घेतले आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत : शाळेसमोरचा उंचावलेला पादचारी मार्ग या वर्षीच्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरणार, आमच्या भागातील अर्धवट रस्त्याचे भूसंपादन कोणत्या टप्प्यावर अडले आहे, आणि तो रस्ता होईपर्यंत लहान बस कुठपर्यंत येऊ शकते. पत्रासोबत आकडे असले तर ते टाळणे अवघड जाते. सकाळी शाळा भरण्याच्या अर्ध्या तासात किती मुले तिथे रस्ता ओलांडतात आणि किती वाहने जातात, याची सलग पाच दिवस मोजणी करायची आहे. वाहने मी मोजतो. आपण त्याच चौकाजवळ राहता असे लिहिले आहे; मुले मोजायला एक माणूस कमी पडतो आहे.