मोटेतून मोटर निघाली नाही

पेरणीच्या तोंडावर एक जुनाच मजकूर आमच्या खान्देशातल्या शेतकरी ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. थोडक्यात तो असा : इंग्रजांनी आपल्या विहिरींवरची मोट पाहिली आणि तिच्यावरून आपल्या यंत्राला 'मोटर' नाव दिलं. दोघींचं काम एकच, पाणी उपसणं. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. शिवाय संस्कृत ही सगळ्या भाषांची आई, तेव्हा यात नवल कसलं? अभिमान असेल तर पुढे पाठवा.

मला तो पाठवला मामांनी. त्यांनी लहानपणी स्वतः मोट हाकलेली आहे, त्यामुळे नुसता 'लाइक'चा अंगठा टाकून गप्प बसणं बरं दिसलं नसतं. मामा, हे तुमच्यासाठीच.

आधी तारखा बघू. खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला 1818 मध्ये. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 1600 मध्ये. आणि 'मोटर' हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे, म्हणजे 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्याही आधीपासून. तेव्हा इंग्लंडातल्या कुणी तापीकाठची विहीर पाहिली असण्याची सोयच नव्हती. शब्द लॅटिन. 'मोव्हेरे' म्हणजे हलवणं, त्यावरून 'मोटर' म्हणजे हलवणारा, चालवणारा. सुरुवातीला त्याचा यंत्राशी संबंधही नव्हता. जगाला, ग्रहगोलांना गती देणारी जी मूळ शक्ती, तिच्याविषयी बोलताना पंडित मंडळी हा शब्द वापरत. यंत्राच्या अंगावर तो चढला एकोणिसाव्या शतकात. 1821 मध्ये मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती विजेची तार गरगर फिरवून दाखवली. आज आपल्या विहिरीवर जी थ्री फेज मोटर असते, त्या जातीच्या मोटरची पेटंटं निकोला टेस्लाने घेतली 1888 मध्ये. रस्त्यावरच्या गाडीला इंग्रजीत 'मोटर कार' हे नाव पडलं तेही त्यानंतर.

आता 'काम एकच' हा मुद्दा. इथे जरा थांबतो, कारण मोट ज्याने पाहिली नाही त्याला यातली गफलत कळणार नाही. मोट म्हणजे काय? कातड्याचं भांडं. तोंडाला नाडा म्हणजे जाड दोर, खालच्या सोंडेला सोंदूर म्हणजे बारीक दोरी. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून, चालले की नाडा चाकावरून सरकतो, भरलेली मोट वर येते, सोंदूर सोंडेला थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात, ओढतो आणि पाणी आपोआप पाटाला लागतं. या सगळ्यात मोट स्वतः काय हलवते? काहीच नाही. तिला हलवतात बैल. ती पाणी धरते, एवढंच. शब्दाचा अर्थही तोच सांगतो. मोट म्हणजे बोचकं, गाठोडं. निवडणूक आली की पेपरवाले 'विरोधकांची मोट बांधली' असं छापतात, ती मोट हीच. त्यात धरून ठेवणं आहे, गती नाही.

उलट मोटर पाण्याला हातसुद्धा लावत नाही. ती फक्त दांडा फिरवते. पाणी उचलतो तो तिला जोडलेला पंप, आतल्या इंपेलरच्या, म्हणजे पात्यांच्या चाकाच्या, फिरण्याने. सबमर्सिबलमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायच्या पंपात, दोन्ही एकाच लांब नळकांड्यात बसवलेले असतात म्हणून आपण सरसकट 'मोटर' म्हणतो. पण चेनकप्पी लावून ती बोअरमधून बाहेर काढली आणि वायंडिंगवाल्याकडे नेली की तो लगेच विचारतो, मोटर गेली की पंप गेला? तेव्हा जोडी लावायचीच तर मोटेच्या जागी पंप येतो आणि मोटरच्या जागी बैल. आपल्या विहिरीवरचा 'मोटर', म्हणजे चालवणारा, धावेवर चालत होता आणि त्याला कडबा लागत होता. (मोटरच्या पाटीवर ताकद मोजलीय तीही जनावरातच, फक्त बैलात नाही, घोड्यात : 5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट.)

आणि मोट काही खान्देशभर सगळीकडे नव्हती. पांझरा नदीकाठी फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने आपसूक शेतात येई, तिथे उपसायचा प्रश्नच नव्हता.

संस्कृत आईचा मुद्दा मात्र गमतीचा आहे, कारण त्यात नातं खरंच आहे, फक्त मजकूर लिहिणाऱ्याने ते भलत्या ठिकाणी शोधलं. 'मोट' आणि 'मोट(र)' हा आवाजाचा योगायोग. खरी ओळख शेवटच्या 'टर'मध्ये लपली आहे. लॅटिनमध्ये क्रियापदाला 'टोर' लावला की ते काम करणारा तयार होतो. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा, डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा. संस्कृतात हेच काम 'तृ' करतो : कर्तृ, दातृ, नेतृ, त्यावरूनच आपले कर्ता, दाता, नेता. हे दोन प्रत्यय सख्खे भाऊ आहेत. (स्टार्टरचा 'टर' यात धरू नका, तिथला 'ट' 'स्टार्ट'चाच आहे.) 'मोव्हेरे'चंही नातं संस्कृतातल्या 'मीव्', म्हणजे ढकलणे, हलवणे, या धातूशी जोडतात. ऋग्वेदात यमाची बहीण यमी स्वतःला 'काममूता', कामवासनेने हलवलेली, म्हणते, त्यातला 'मूता' याच घरातला मानला जातो.

पण भाऊ म्हणजे आई नव्हे. 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य दाखवलं, तेव्हाही त्यांनी म्हटलं ते एवढंच की या भाषा एका सामाईक मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. लॅटिनने संस्कृताकडून 'मोटर' घेतला असं यातून निघत नाही. मराठी 'मोट'वरून इंग्रजांनी घेतला, हे तर त्याहून नाही.

स्त्रीलिंगाचं उत्तर एका ओळीचं. बस, सायकल, जीप, रेल्वे याही आपल्याकडे 'ती'च आहेत. ट्रॅक्टर 'तो' आणि इंजिन 'ते'. परका शब्द आला की मराठी त्याला आपल्या सोयीने लिंग लावते. त्यावरून गाव कळत नाही.

राहता राहिला अभिमान. मामा, तुमच्या वडिलांनी विहिरीवर पहिली मोटर बसवली, त्यानंतर कितीतरी वर्षं ते खाटेवरून ओरडून आधी विचारत, "लाईट उनी का?", म्हणजे वीज आली का, आणि हो म्हटलं की सांगत, मोट जुंप. बैल विकून टाकलेले होते. तुम्ही उठून स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचात.