एरोइको

वयाच्या बावन्नाव्या वर्षी पियानो शिकायला बसलेल्या माणसाकडून जगाने फार अपेक्षा ठेवू नये. पण माझ्या सोळा बारांच्या, म्हणजे तालाच्या सोळा खणांच्या, धड्यावर इटालियनमध्ये ठसठशीत छापलंय, ‘एरोइको’. म्हणजे वीरश्रीने वाजवा! माझ्या वीरश्रीचा कळस म्हणजे, सोसायटीच्या सभेत मी एकदा पंखा कमी करा असं सांगितलं होतं. तोही कुणी केला नाही.

“म्हणजे जोरात ना?” मी मिसना विचारलं.

“नो, नो. जोरात म्हणजे फोर्टे. हे हिरोसारखं. छाती पुढे!”

छाती पुढे काढली की माझं पोट तिच्याआधी पोचतं आणि हात पट्ट्यांपर्यंत पुरत नाहीत.

मोठमोठ्या संगीतकारांनी हे ओझं हुशारीने टाळलंय. बेथोवेनने ‘एरोइका’ लिहिलं ते 1806 साली छापलेल्या तिसऱ्या सिंफनीच्या मुखपृष्ठावर. आत पहिल्या भागावर नुसतं ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’, म्हणजे झपाट्याने आणि जोमात. शोपॅनच्या ज्या पोलोनेझला, म्हणजे पोलिश नाचाच्या चालीवरच्या पियानोरचनेला, जग ‘हिरोइक’ म्हणतं, त्यावर त्याने स्वतः लिहिलंय ‘माएस्तोसो’. दिमाखात वाजवा, बस्स. वीर व्हायचं ते फक्त मी!

त्या सिंफनीच्या प्रतीवर आधी नेपोलियनचं नाव होतं. तो सम्राट होतोय म्हटल्यावर बेथोवेनने ते इतकं खरवडलं, की कागदाला भोक पडलं. कुठल्या सुराला कुठलं बोट, ते आकडे खोडून खोडून भोक मीही पाडलंय. त्याच्या भोकातून नेपोलियन गेला, माझ्यातून फा शार्पचा सूर.

खालच्या काकूंमुळे मी कीबोर्ड हेडफोन लावून वाजवतो. (काकूंपुढे नेपोलियनचंही काही चाललं नसतं.) त्यामुळे वीररस एकट्या माझ्या कानात, आणि घरच्यांना फक्त ठक-ठक. “आलं कुटून झालं का?” असं बायकोने दोनदा विचारलंय.

त्या सिंफनीत एक हॉर्नवाला बाकीच्यांच्या आधीच सुरू होतो. तालमीत बेथोवेनचा शिष्य रीसला वाटलं, हा चुकला. तसं तो बोललाही, आणि गुरूची थप्पड खाता खाता वाचला. हे मला ठाऊक होतं, तरी काल घात झालाच. बाराव्या बारातली विश्रांती, छाती पुढे, दोन्ही हात हवेत, आणि नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली.

“चुकला!” मी ओरडलो.

“काय चुकलं? कितवी ही? तुला मोजायला सांगितलं होतं ना?”

मोजत होतो की. चारपर्यंत जाऊन दर वेळी पुन्हा एकवर येत होतो.