ओळख काढण्याआधी एक प्रश्न विचारा

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, आम्हाला पोलीस स्टेशनला आणलंय." पंचवटीत कबड्डीचा सामना, पंचांनी बोनस नाकारला, खुर्च्या उडाल्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांनी हाताला लागली ती पाच पोरं गाडीत घातली. भाचा म्हणतो, तो फक्त मोबाईलवर शूटिंग करत होता. (म्हणतो. मी त्याला लहानपणापासून ओळखतो.)

मी काय केलं? नाशकातला कुठलाही मामा करेल तेच. एका माजी नगरसेवकाला फोन लावला. पाऊण तासात भाचा बाहेर. आणखी दोघांच्या घरचेही असंच कुणाला तरी धरून आले. उरले दोघे. त्यातला एक सातपूरला कंपनीत कंत्राटी कामाला, घर लांब सुरगाण्याकडे. बाकड्यावर बसून तो आमच्याकडे बघत होता.

घरी आल्यावर लाज वाटली ती अशी, की त्या पोराला उपयोगी पडेल असं मला काहीच माहीत नव्हतं. मग ओळखीतल्या वकील मित्राला दोन संध्याकाळी पिडलं.

पहिली गोष्ट, आवाज न चढवता विचारायचं: "साहेब, मला अटक केलीय का? कशासाठी?" कारण नुसतं बाजूला नेणं आणि अटक या दोन गोष्टी आहेत. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, सूचना न ऐकणाऱ्याला पोलीस तिथून हटवू शकतात आणि किरकोळ प्रकरण असेल तर प्रसंग निवळल्यावर सोडूनही देऊ शकतात. पोरांना हे कळलं तर अर्धी भीती तिथेच जाईल. अटक असेल तर कारण सांगावंच लागतं, ते संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदातच आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात सांगितलं, की कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची.

सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 194. एक महिन्यापर्यंत कैद, नाहीतर 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र. म्हणजे जामीन हा हक्क, कुणाची मेहेरबानी नाही, आणि तो ठाण्यातच होतो. पण गाडीत चढवताना हवालदाराला ढकललं तर त्याच संहितेचं कलम 132 (सरकारी नोकरावर हल्ला), म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं आपलं 353, आणि ते अजामीनपात्र, म्हणजे तिथे जामीन हक्काने मिळत नाही. खुर्ची फेकणारा सुटतो आणि "मी काय केलंय?" म्हणत कॉलर धरणारा अडकतो तो असा. तुमची चूक नसली तरी मैदानात हिसकाहिसकी नको.

अटक झालीच तर अटक पंचनाम्यावर घरच्या कुणाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर कारण तसंच खास लागतं, अधिकारी महिलाच लागते आणि आधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी. 18 च्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये टाकताच येत नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. तपासात पोलिसांनी जबाब लिहून घेतला तरी त्यावर तुमची सही कायद्यालाच नको आहे. हे मला पन्नाशीत कळलं.

आणि वकील. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर 15100. नगरसेवकाच्या नंबरापेक्षा लक्षात ठेवायला सोपा आहे. शिवाय घरचा एक तरी नंबर पाठ असू द्या. मोबाईल टेबलावर जमा झाला की काही सुचत नाही. भाच्याने दुसऱ्याच्या फोनवरून मला गाठलं ते केवळ माझा नंबर वीस वर्षं तोच आहे म्हणून.

कुणी म्हणेल, ठाण्यात कायदा सांगायला गेलास तर जास्त मार खाशील. भीती खोटी नाही. म्हणूनच भाषा नरम ठेवायची. पण आपण प्रत्येक वेळी ओळखीने पोरगं सोडवून आणतो तेव्हा ज्याची ओळख नाही त्याच्या वाट्याला ते बाकडं येतं. मीही तेच केलं आणि पुन्हा वेळ आली तर बहुधा तेच करीन, खोटं कशाला बोलू. फक्त जाताना त्या दुसऱ्या पोराला 15100 तरी सांगीन.

काल भाच्याला विचारलं, त्या सातपूरच्या पोराचं पुढे काय झालं? त्याला माहीत नव्हतं. नावही माहीत नव्हतं. "मामा, पकड लई भारी करतो तो," एवढंच म्हणाला.