चढाला लंबगोल उपाय
डोंगरात सायकल चढवणाऱ्या माणसाच्या दोनच इच्छा असतात. चढ कमी व्हावा, नाहीतर धाप लागल्याचा दोष देता येईल असा एखादा भाग सायकलवर सापडावा. मला तो सापडला होता: गोल चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं, चेन ओढणारं दातेरी चक्र.

तिच्या जागी बसवायच्या लंबगोल रिंगचं तत्त्व ऐकायला फार गोड आहे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा असतो तेव्हा पाय जोरात रेटता येतो. क्रँक उभा झाला, एक पाय वर आणि एक खाली, की जोर जवळजवळ संपतो. त्याला डेड स्पॉट म्हणतात, आणि चढावर माझा मुक्काम बहुतेक तिथेच असतो. ३२ दात्यांची लंबगोल रिंग जोर असतो तिथे साधारण ३४ दात्यांसारखी वागते आणि डेड स्पॉटला ३० सारखी. अंगात असेल तेव्हा राबवून घ्यायचं, नसेल तेव्हा सूट द्यायची. इतका समंजस साहेब मला नोकरीत कधी लाभला नाही.

बसवायचं ठरवलं मात्र, आणि सल्ले सुरू झाले. आमच्या सायकल गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, "अरे, बायोपेसने गुडघे गेले लोकांचे, विसरलात का सगळे?" बायोपेस म्हणजे शिमानो कंपनीची १९८० च्या दशकातली लंबगोल रिंग. पण तिचा लंबगोल उलटा होता. जोर असतो नेमकी तिथेच ती लहान पडायची. हे मी समजावेपर्यंत काका गुडघ्यांवरून कंबरेवर पोहोचले होते. दुसऱ्याने २०१२ चा दाखला दिला: त्या वर्षीची टूर द फ्रान्स शर्यत ब्रॅडली विगिन्सने लंबगोल रिंगवरच जिंकली. खरं आहे. फक्त रिंगच्या वर विगिन्स होता, हा तपशील त्याने गाळला. तिसऱ्याला चेन पडायची काळजी. तिला अर्थ नाही: चेन कायम जवळजवळ अर्ध्या रिंगला धरून असते, त्यामुळे सैल-घट्ट फारसं होत नाही, आणि उरलेला ढिलेपणा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा स्प्रिंगचा भाग, ओढून घेतो.

पहिल्या फेरीत पाय लंगडल्यासारखे वाटतात. खाली पाहिलं तर चेन हलकेच वरखाली डोलत असते. मग पाय सरावतात आणि काही जाणवेनासं होतं. एवढा खर्च करून काहीच न जाणवणं मनाला लागतं, म्हणून मी आकड्यांचा आधार घेतला. पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारा क्रँकवरचा पॉवर मीटर आजवर माझी लाजच काढत आला होता. तो अचानक कौतुक करायला लागला. चार दिवस मी छाती काढून फिरलो. मग कळलं, की असे बरेचसे मीटर क्रँकच्या एका पूर्ण फेरीत त्याचा वेग एकसारखाच धरून चालतात. लंबगोल रिंगवर तो फेरीच्या आत कमीजास्त होतो, आणि वॅट फुगून दिसतात. घड्याळाने मात्र एका सेकंदाचीही भलामण केली नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचेही निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

मग फायदा काहीच नाही? आहे, पण एकाच ठिकाणी. सुट्या खडीचा उभा चढ, सगळ्यात हलका गिअर, पाय कसेबसे फिरताहेत. गोल रिंगवर दर पेडलला मागच्या चाकाला एक हिसका बसतो, टायर खर्रकन घसरतो आणि माणूस सायकल ढकलायला उतरतो. लंबगोल रिंगवर तो हिसका जरा बोथट होतो, टायर माती धरून राहतो. माझ्या नेहमीच्या चढावरचं एक वळण मी आता बसून पार करतो. सपाटीवर भराभर पेडल मारणाऱ्याने मात्र या फंदात पडू नये.

तेवढ्या वळणासाठी दाते झिजल्यावर मी पुन्हा लंबगोलच घेणार आहे. हे सगळं परवा मी गटातल्या सगळ्यात तरुण मुलीला चढतानाच सांगत होतो. तिची रिंग गोल. "काका, वर पोहोचलात की सांगा उरलेलं," म्हणाली आणि गेली पुढे.