51413 आणि भावोजींचा औरंगजेब

यंदा गावच्या जत्रेत भावोजींनी औरंगजेब केला. नाटक मध्यरात्रीनंतर उभं राहिलं आणि पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचं पों-पों ऐकू आलं तेव्हा शेवटचा प्रवेश चालू होता. मी सगळं कॅमेऱ्यावर घेतलं. फाईल झाली 18 जीबीची. पुण्यातल्या भाच्याला रजा मिळाली नव्हती, त्याला बापाचा औरंगजेब बघायचा होता.

"पेन ड्राइव्हार घालून धाड मरे!" बायको म्हणाली. 32 जीबीचा लावला. फाईल फार मोठी आहे म्हणून त्याने हात वर केले. बत्तिसाच्या डब्यात अठरा का मावत नाहीत, हे तिला कळेना. मलाही.

"मामा, टॉरेंट करा," भाचा म्हणाला. टॉरेंट म्हटलं की लोकांना चोरीचे सिनेमेच आठवतात, पण 2001 मध्ये ब्रॅम कोहेनने काढलेली ही रीत तशी साधी आहे. फाईलचे तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे त्याने तो दुसऱ्याला वाढायचा. गावजेवणच. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी डेबियन आहे, त्यात टॉरेंट चालवणारं ट्रान्समिशन होतंच. टॉरेंट बनवला, त्याची खूण म्हणजे मॅग्नेट लिंक पाठवली. पुण्यात शून्य टक्के. दुसऱ्या दिवशीही शून्य.

ट्रान्समिशनच्या सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांनी आत यायचं नंबरवालं दार, तपासायची सोय आहे. तपासलं. 51413 बंद.

"फायरवॉल असेल, दारावरचा पहारेकरी. सुडो लिहा, म्हणजे मालकाच्या हक्काने हुकूम देता येतो," भाचा म्हणाला. लिहिलं. पासवर्ड मागितला. टाइप करू लागलो तर पडद्यावर ठिपकासुद्धा उमटेना. कीबोर्ड उपटून परत लावला, पालथा करून आपटला, त्यातून शेव पडली. मग कळलं की पासवर्ड असाच गुपचूप घेतात. घेतला, आणि वर सुनावलं की तुमचं नाव सुडोअर्सच्या, म्हणजे सुडो वापरायची मुभा असलेल्यांच्या, यादीत नाही. घर माझं, कॉम्प्युटर माझा, लाइटबिल माझ्या नावावर, आणि यादीत नाव नाही! भाच्याने फोनवरून सांगून मला रूट, म्हणजे कॉम्प्युटरचा सर्वेसर्वा, व्हायला लावलं आणि नाव यादीत घालून घेतलं. फायरवॉल उघडली. पोर्ट बंदच. राउटरमध्ये शिरून पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे त्या दारावर येणाऱ्याला माझ्या कॉम्प्युटरकडे पाठवायला सांगितलं. बंदच.

"राउटरचा बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वाचा."

"100.72..."

भाच्याने सुस्कारा सोडला. 100.64 ते 100.127 म्हणजे सीजीनॅट. इंटरनेटवाल्याने अख्ख्या वाड्याला मिळून एकच पत्ता दिलाय. पदेराने सोसायटीच्या गेटावर पों-पों केलं, वर चाळीस बिऱ्हाडं, तर पाव कुणाचे हे त्याला कसं कळावं? म्हणजे चार दिवस मी जी दारं उघडत होतो, त्यांच्यापर्यंत यायला रस्ताच नव्हता.

"आणि तुझं पोर्ट?" मी नुसता वैतागून विचारलं.

पलीकडे शांतता. मग कीबोर्डची टकटक. मग अगदी बारीक आवाज, "मामा, माझंपण बंद आहे."

दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं तरी भागतं म्हणे. त्याला माझ्याकडे येता येत नसलं तरी मला त्याच्याकडे जाता येतं. त्याचा पत्ता स्वतःचा होता, त्यामुळे पाच मिनिटांत त्याने पोर्ट उघडलं आणि औरंगजेब दख्खनेकडे निघाला. सात तास चालला. मध्ये दोनदा लाईट गेली. दुसऱ्यांदा आल्यावर ट्रान्समिशनने सगळे तुकडे पहिल्यापासून सोनारासारखे तपासून घेतले.

सकाळी भाच्याचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"मामा, मस्त आलंय! दुसऱ्या अंकात बाबांची दाढी सुटलीय. बरं, तो पेन ड्राइव्ह फॅट 32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता ना? त्यात 4 जीबीच्या वरची फाईल जात नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतला असतात, तर अख्खं नाटक मावलं असतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.