नोटेशन शीट

गेल्या रविवारी लेकीच्या अंडर-११ बुद्धिबळ स्पर्धेत चौथ्या राउंडनंतर आर्बिटरनी, म्हणजे पंचांनी, मला दारापाशी बोलावून घेतलं. "तिला जरा नीट लिहायला सांगा हो. वाचताच येत नाही." शीट पाहिली. पहिल्या दहा खेळ्या मोत्यासारख्या अक्षरात आणि पुढे नुसत्या रेघोट्या.

ज्यांच्या घरात हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुद्धिबळाच्या मोठ्या वेळेच्या डावात दोघांच्याही खेळ्या लिहाव्या लागतात, त्याही वाचता येतील अशा. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियमच आहे. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावात, लिहावं लागत नाही. हिला रॅपिड जास्त आवडतं. हात चपळ आहे म्हणून असेल, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगायचो.

परतताना गाडीत विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी मुद्दाम तसं लिहिते. मग तुला फोनमध्ये घालता येत नाही."

पुढचा टोलनाका येईपर्यंत मी काही बोललो नाही.

या स्पर्धा बहुतेक मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये असतात. पालकांना आत प्रवेश नाही. आम्ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, लग्नघरात पंगतीची वाट बघत बसावं तसे. दार उघडतं, पोरगं बाहेर येतं, पायात चप्पलही सरकवलेली नसते आणि आईचा नाहीतर बापाचा हात पुढे: "शीट दे." खेळ्या भराभर फोनच्या इंजिनात, म्हणजे चुका दाखवणाऱ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये, जातात, लाल प्रश्नचिन्हं उगवतात. "अरे, बाविसाव्या खेळीला जिंकत होतास! उंट का नाही मारलास?" विचारणाऱ्याला बुद्धिबळातलं किती कळतं, तर घोडा अडीच घरं चालतो इतपत. मी माझ्याबद्दलच बोलतोय. दोन वर्षं मी हेच केलं.

आणि ते रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा! १८ वर्षांखालच्या, २३०० रेटिंगच्या आतल्या मुलांचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलू शकतं तो आकडा, ४० असतो. म्हणजे तोडीस तोड खेळाडूकडून एक डाव हरला की २० गुण गेले. आपल्यापेक्षा कमी रेटिंगवाल्याकडून हरला तर आणखी. मुलं झपाट्यानं सुधारतात, म्हणून त्यांचा आकडा भराभर हलावा अशीच ही सोय आहे. आम्ही मात्र तो थर्मामीटरमधल्या तापासारखा वाचतो. २०२४ च्या मार्चपासून फिडेनं रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० केली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी भांडणं झाली ती सोसायटीच्या मीटिंगलाही लाजवतील. मुलं त्या वेळी खाली सायकल चालवत होती.

पालक वाईट असतात असं नाही. कोचिंग, एंट्री फी, परगावच्या स्पर्धेला दोन रात्रींचं हॉटेल, आणि एकाची रजा. एवढं घातलं की माणूस हिशेब मागतोच. शिवाय दहावीला खेळाचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, हे सगळं डोक्यात असतं. फक्त तो हिशेब आपण नऊ वर्षांच्या पोराकडे मागतो, तेही त्यानं पाणी प्यायच्या आत.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, आईला मिठी मारून रडली. तो व्हिडिओ आमच्यातल्या प्रत्येकानं स्टेटसला ठेवला, मीही. त्याच संध्याकाळी मी लेकीला एका सोप्या डावावरून पाऊण तास झापलं होतं.

खरं तर डाव संपल्यावर पोरं काय करतात ते बघण्यासारखं असतं. हरलेला आणि जिंकलेला दोघं कोपऱ्यात पट मांडतात. "इथे मी हत्ती घेतला असता तर?" "मग मी वजीर इथे आणणार होतो ना!" दोघंही खिदळतात. असं दहा मिनिटं चालू राहिलं तर चूक कुठे झाली ते त्यांचं त्यांनाच सापडतं, आणि सापडलेलं लक्षात राहतं. तेवढ्यात कुणाची तरी आई येते आणि दंडाला धरून घेऊन जाते.

येत्या रविवारी पुन्हा स्पर्धा आहे. फोन बायकोकडे देऊन टाकायचं ठरवलं होतं. पण शीट मागण्यात ती माझ्या चार पावलं पुढे. आता तिचा फोन कुणाकडे द्यायचा, यावर घरात चर्चा चालू आहे.