‘शापित गाणं’ पुढे पाठवण्याआधी

‘हे गाणं ऐकलं की माणूस जीव देतो’ हा मेसेज कोल्हापूरच्या ग्रुपांवर दर काही महिन्यांनी नव्याने उगवतो. काळा फोटो, खाली ‘हिंमत असेल तरच ऐका’. गाणं खुशाल ऐका. मेसेज मात्र पुढे पाठवू नका.

गाणं हंगेरीचं, ‘ग्लूमी संडे’. चाल रेझो शेरेश यांची, १९३३ ची. ते बुडापेस्टच्या किशपिपा नावाच्या खानावळीत पियानो वाजवायचे. प्रसिद्ध झालेले शब्द लास्लो यावोर यांचे. १९३६ मध्ये ते इंग्रजीत आलं आणि १९४१ मध्ये अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेने गायलं. इंग्रजीत शेवटी एक कडवं जोडलंय : हे सगळं स्वप्न होतं, मी जागी झाले. मेसेज लिहिणाऱ्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं असतं, तर निदान हे तरी लिहिलं असतं.

आता आकडे बघा. बळी एका मेसेजात १७, दुसऱ्यात १००, तिसऱ्यात थेट २००. त्यातलं एक प्रकरण उचला आणि विचारा : नाव काय, गाव कुठलं, तारीख कुठली, बातमी कुठे छापली? बहुतेक ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. नाव सापडलं तरी घरात रेकॉर्ड असणं हे मरणाचं कारण ठरत नाही. गाजलेली रेकॉर्ड कितीतरी घरांत असते. शिवाय हंगेरीत आत्महत्यांचं प्रमाण या गाण्याच्या आधीपासूनच जास्त होतं. बीबीसीने बिली हॉलिडेची रेकॉर्ड लावणं बंद केलं हे खरं, पण ते महायुद्धात लोकांचं मनोधैर्य खचू नये म्हणून. ती बंदी २००२ साली उठली.

सगळ्यात जास्त राग येतो तो मेसेजमधल्या शेरेश यांच्याबद्दलच्या ओळीचा. ‘गाण्याने शेवटी त्यांनाही नेलं.’ त्यांनी १९६८ साली आयुष्य संपवलं, गाणं १९३३ चं. मधली पस्तीस वर्षं कुठे गेली? ते ज्यू होते. नाझी काळात त्यांना सक्तमजुरीच्या छावणीत टाकलं गेलं. ते वाचले, त्यांची आई वाचली नाही. एवढं भोगलेल्या माणसाला एका ओळीत शापाच्या खात्यात टाकणं हा अन्याय आहे.

करुण सुरांची भीती कोल्हापूरला तर मुळीच घालू नये. अल्लादिया खाँसाहेब इथे शाहू महाराजांच्या दरबारी गायले, देवल क्लबात पिढ्यान्‌पिढ्या मैफली झाल्या. कोमल गंधार, कोमल धैवत, विलंबित लय. ऐकताना डोळे भरतात, आणि लोक उठून घरी जाऊन जेवतात.

धोका आहे तो सनसनाटी वर्णनाचा. पहिल्या पानावरच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली दाखवून दिलं. व्हिएन्नात १९८७ साली मेट्रोतल्या अशा घटना वृत्तपत्रांनी भडकपणे छापणं थांबवलं, आणि त्या झपाट्याने कमी झाल्या. आपलं फॉरवर्ड म्हणजे तीच भडक बातमी, तीही पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात.

म्हणून आलेला मेसेज तिथेच थांबवा. कुणी तो पाठवून खाली ‘मलापण असंच वाटतं’ लिहिलं, तर हसण्यावारी नेऊ नका. लगेच फोन लावा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्याजवळ बसूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास, पैसे लागत नाहीत.